प्रवासाला कारण लागतं का?

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एक प्रवासवर्णन शिकवत होते. पाठ संपला तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे कुठे फिरलात?" मी उत्साहाने गावांची नावं घेतली. मालेगाव, भिवंडी, सुरत, औरंगाबाद, अजमेर. तिने लगेच पुढचं विचारलं, "मग तिथे काय काय बघितलं?"

मी थांबले. मालेगावला मामेबहिणीचं लग्न होतं. भिवंडीला खालाची मय्यत. सुरतेला नणंदेचं बाळंतपण. औरंगाबादला बी.एड.ची परीक्षा होती आणि अजमेरला सगळ्या घराबरोबर जियारत. प्रत्येक गावी मी कुणाच्या तरी कामाने गेले होते आणि काम उरकून परत आले होते. औरंगाबादला जाऊन वेरूळ पाहिलं नाही, हे त्या मुलीला सांगायची मला लाज वाटली.

त्या दिवसापासून मनात होतं ते आता ठरवलं आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः गाडी चालवत, एकटी, नेपाळच्या पश्चिम टोकाला जाणार आहे. काठमांडू नाही, पोखरा नाही. कंचनपूर, कैलाली, बर्दिया आणि बांके हे चार जिल्हे. आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकात ही नावं सहसा नसतात.

घरात सांगितल्यावर काय झालं ते वाचकांनी ओळखलंच असेल. अम्मी म्हणाली, "नेपाळच बघायचं तर टूरने जा, चार बायका सोबत असतील." भाईजान म्हणाले, "एवढे पैसे आहेत तर उमरा कर." आमचे 'हे' म्हणाले, "मी येतो ना." आणि शाळेतल्या एका सहकाऱ्याने एकच शब्द विचारला, "कशाला?"

हा 'कशाला' मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरांतून बाईच्या प्रवासाला कारण लागतं. माहेर, लग्न, मय्यत, दवाखाना, दर्गा. कारण चांगलं असेल तर इजाजत मागावीही लागत नाही, लोक स्वतःहून स्टेशनवर सोडायला येतात. मात्र नुसतं बघायला जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. भाईजान दोस्तांबरोबर गोव्याला गेले तेव्हा त्यांना कुणी 'कशाला' विचारल्याचं मला आठवत नाही. हे फक्त आमच्याच समाजात आहे असंही नाही. माझ्या मराठी, गुजराती आणि आदिवासी मैत्रिणींच्या घरी कारणांची यादी थोडी वेगळी असेल, पण यादी आहेच.

आता दीनचा मुद्दा. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. बाईने महरमशिवाय लांबचा प्रवास करू नये असं सांगणारी हदीस आहे, आणि अनेक उलेमा आजही ती शब्दशः मानतात. दुसरं मत मानणारेही आहेत. त्यांच्या मते या मनाईमागे वाटेतला धोका हे कारण होतं. रस्ता सुरक्षित असेल तर हुकूम बदलतो. अदी बिन हातिम यांच्याकडून आलेली एक हदीस ते पुढे ठेवतात. तिच्यात अशा काळाची बातमी आहे की हीरा शहरातून एक बाई एकटी काब्यापर्यंत येईल आणि तिला अल्लाहशिवाय कुणाचं भय नसेल. आपल्या देशाच्या २०१८ पासूनच्या हज धोरणात ४५ वर्षांवरच्या बायकांना महरमशिवाय, चौघींच्या गटाने जाता येऊ लागलं. खुद्द सौदी अरबमध्ये २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवू लागल्या.

मी आलिमा नाही, उर्दू-मराठीची शिक्षिका आहे. पहिलं मत मानणाऱ्यांशी मी भांडणार नाही. मी दुसरं मत मानते. पण ते मानलं की एक जबाबदारी येते. 'रस्ता सुरक्षित असेल तर' ही अट आहे, आणि ती पुरी झाली आहे की नाही हे तपासणं माझं काम आहे. म्हणून प्रवासाची तयारी मला नुसती हौस वाटत नाही. ती त्या अटीचाच भाग आहे.

भाईजानच्या उमऱ्याच्या सल्ल्यालाही उत्तर देते. हज फर्ज आहे, त्यासाठी माझी वेगळी बचत चालू आहे आणि तिला मी हात लावलेला नाही. पण इबादत आणि सुट्टी यांना एकमेकींसमोर उभं करू नये. आपल्या दीनने मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोन दिल्या, रोजा पुढे ढकलायची मुभा दिली, जकातीच्या आठ हकदारांत त्याला बसवलं. लोक घराबाहेर पडणार हे त्यात धरलेलंच आहे. जमिनीवर फिरून पाहा, हे तर कुरआन पुन्हा पुन्हा सांगतो.

मग नेपाळचं हेच टोक का?

पहिलं कारण साधं आहे, मला परवडतं आणि जमतं. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. भारतीय लायसन्स चालतं. पाट्या देवनागरीत आहेत. 'बाटो' म्हणजे वाट आणि 'बिस्तारै' म्हणजे आहिस्ता, एवढं मी आत्ताच शिकून ठेवलं आहे. शिवाय तलासरीवरून जाणारा आपला हायवे, राष्ट्रीय महामार्ग ४८, थेट दिल्लीला जातो. वीस वर्षं मी तो शाळेला जायचा रस्ता म्हणून वापरते. चारोटी नाक्याला लागायचं आणि तलासरीला उतरायचं. तो पुढे वडोदरा, उदयपूर, जयपूर करत जातो हे माहीत होतं, पण तलासरीच्या पुढे मी कधी स्वतः गाडी नेली नव्हती.

दुसरं कारण माझ्या शाळेशी जोडलेलं आहे. तलासरीच्या पाड्यांवर वारली राहतात, त्यांच्या मातीच्या भिंतींवरची चित्रं जगाला माहीत आहेत. पण याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, हे कमी जणांना माहीत असतं. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला जमीनदाराच्या दारात राबायचं, अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. नेपाळच्या ज्या चार जिल्ह्यांतून मी जाणार आहे तिथे थारू राहतात. त्यांच्या घरांच्या मातीच्या भिंतींवरही चित्रं आणि उठावाची नक्षी असते. आणि त्यांच्यातही कर्जापायी पिढ्यानपिढ्या मालकाच्या शेतात राबणारे 'कमैया' होते. सरकारने त्यांना मुक्त जाहीर केलं १७ जुलै २००० ला, म्हणजे मी बारावीला असताना. माझ्या विद्यार्थ्यांच्या आजोबांची गोष्ट आणि त्या गावांची गोष्ट इतकी जवळची आहे. मला ती गावं बघायची आहेत. 'कशाला' याचं उत्तरच हवं असेल तर हे घ्या. पण उत्तर नसतं तरीही मी गेले असते.

आता तयारीबद्दल. कुणा बहिणीला उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने लिहिते.

डहाणू ते बनबसा साधारण साडेसोळाशे किलोमीटर. पाच दिवसांत, रोज एका टप्प्याने: वडोदरा, उदयपूर, जयपूर, रामपूर, बनबसा. रोज पहाटे फज्रनंतर निघायचं आणि मगरिबच्या आत मुक्कामावर पोचायचं. हा नियम मोडायचा नाही, मग ठरलेल्या गावाच्या अलीकडे थांबावं लागलं तरी चालेल. बनबसाला शारदा नदीच्या बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं, तिथे गड्डाचौकी हा नेपाळचा नाका. गाड्या सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून ठेवायच्या. नाक्यावर 'भन्सार', म्हणजे जकात, दिवसांच्या हिशेबाने भरायचा. भारतीय गाडी वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस तिथे ठेवता येते.

पुढे नेपाळचा पूर्व-पश्चिम महेंद्र राजमार्ग लागतो. गड्डाचौकी ते कोहलपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा तुकडा मी सहा दिवसांसाठी घेतला आहे. वाटेत बारशिंग्यांच्या कळपांसाठी प्रसिद्ध असलेलं शुक्लाफांटा, घोडाघोडी तलाव, चिसापानीला कर्णालीवरचा एकाच मनोऱ्यावर तोललेला केबलचा पूल, मग बर्दियाचं वाघांचं जंगल. त्या जंगलातून जाताना गाडीला वेळेची चिठ्ठी देतात. दुसऱ्या टोकाला फार लवकर पोचलात तर वेगाने आलात म्हणून दंड. शेवटी नेपाळगंज. तिथे मुसलमानांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे खाण्याची चिंता नाही. परत त्याच रस्त्याने, त्याच नाक्याने.

डोंगरातला रस्ता मी यादीतून काढला. डडेलधुराचा घाट फोटोत सुंदर दिसतो, पण मी सपाटीवरची ड्रायव्हर आहे. जव्हारच्या घाटात मी किती वेळा गाडी थांबवते ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात, म्हणूनही दिवाळीची सुट्टी निवडली. त्याच सुमारास तिकडे दसैं आणि तिहारचे सण असतात; लोक गावी निघालेले असतात, काही हॉटेलं बंद असतात. म्हणून मुक्काम आधीच फोनवर पक्के करायचे.

पेट्रोलचा हिशेब मांडला. एकूण ३,८०० किलोमीटर, माझी गाडी लिटरला अठरा देते, म्हणजे सुमारे २११ लिटर, साधारण २१ ते २२ हजार रुपये. मोटर विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळपर्यंत वाढवून घ्यायचा. मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात, म्हणून शंभराच्या नोटा न्यायच्या.

कागदपत्रं काढताना एक गोष्ट डोळ्यांवर आली. गाडीचे हप्ते पाच वर्षं माझ्या पगारातून गेले. आरसी मात्र यांच्या नावावर. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र जवळ ठेवावं, असा सल्ला मिळाला. म्हणजे माझ्याच पैशाच्या गाडीसाठी मी चिठ्ठी घेऊन फिरायची. मी काही बोलले नाही, फक्त तो कागद यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठी कशाला, नावावरच करून घे." फॉर्म २९ आणि ३० भरून झाले आहेत. सहलीतून दुसरं काही निघालं नाही तरी एवढं निघालं.

अम्मीची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ती म्हणते, परक्या मुलखात काही झालं तर? तिला मी म्हटलं, अम्मी, आपल्या मुलखात होत नाही का? ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागचा बेल्ट आपल्याकडे कोण लावतं? भीती परक्या देशाची नाही, रस्त्याची ठेवली पाहिजे. रस्त्याच्या भीतीवर उपाय आहेत. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे बसून मी स्टेपनी बदलायला शिकले. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, आता पंधरा लागतात. रोजचा मार्ग आणि मुक्कामाचा फोन तीन जणांकडे लिहून दिला आहे. दिवसातून दोन वेळा फोन. हे सगळं ऐकून अम्मी गप्प झाली. खूश झाली असं म्हणणार नाही.

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारुलता कांबळे ३२ देश ओलांडत एकटीने गाडी चालवत महाडपर्यंत आल्या होत्या. त्यांच्यापुढे माझे ३,८०० किलोमीटर म्हणजे काहीच नाहीत. पण मला विक्रम करायचा नाही. बातमीतली बाई वेगळी असते, असं म्हणून आपण तिला बाजूला ठेवतो. शेजारची मास्तरीण सुट्टीत गेली आणि शाळा उघडायच्या दिवशी वेळेवर हजर झाली, तर तिला बाजूला ठेवणं अवघड जातं.

"मी येतो ना" म्हणणाऱ्यांनाही मी सांगितलं, पुढच्या सुट्टीत जरूर या, वेरूळ राहिलंय. या वेळी कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कधी परत फिरायचं हे सगळं मला एकदा स्वतः ठरवून बघायचं आहे. चुकले तर चूकही माझी असेल.

ती मुलगी आता नववीत आहे. सुट्टीनंतर ती पुन्हा विचारेल. या वेळी तिला सांगायला माझ्याकडे काहीतरी असावं, इन्शाअल्लाह.