शंभर टक्के कुणाचे?

२०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. राज्यात २११ पोरांना शंभर टक्के. पैकी ११३ एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिवचे. पेपरवाल्यांनी पेढे छापले, 'लातूर पॅटर्न'चा जयजयकार झाला. माझ्या औशातही क्लासवाल्यांची डिजिटलं लागली. हसरे चेहरे, खाली आकडे.

आता डिजिटलवर न येणारा आकडा वाचा. त्याच निकालात राज्य पास झालं ९४.१० टक्के आणि लातूर विभाग ९२.७७. नऊ विभागांत आठवा! राज्यातले निम्म्याहून जास्त शंभरवाले जिथं, तिथंच नापासांचंही प्रमाण राज्यापेक्षा जास्त. वरचा मजला चढतोय आणि तळघरात पाणी भरतंय. ह्याला पॅटर्न म्हणायचं तर खुशाल म्हणा.

हे शंभर येतात कुठून? २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहापैकी चांगले पाच विषय धरायचे. वर चित्रकला, शास्त्रीय गाणं, नाच, खेळ यांचे वाढीव गुण. रंगपेटी आणि क्लासची फी परवडते त्याला ते वाढीव. आणि भाषा व समाजशास्त्र विषयांत प्रत्येकी वीस गुण शाळेच्या हातात.

ह्या विसाची ताकद बघा. २०१८ चा निकाल ८९.४१. २०१९ ला हे वीस काढले, निकाल धाडकन ७७.१० वर. बोंबाबोंब झाली, वीस परत आले, २०२० ला ९५.३०. (कोरोनात भूगोलाचा पेपर रद्द झाला, सरासरीनं मार्क दिले, तेही त्यात धरा.) शंभरवाले एका वर्षात २० वरून २४२. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के पास आणि ९५७ जण शंभर. महाराष्ट्राच्या डोक्यात एकदम मेंदू वाढला काय? गोदीत आम्ही गोणीवरच्या छापील वजनाला भुलत नाही. पन्नास किलो छापलेलं असतं, खरं किती ते पाठीला कळतं.

मी २०१९ च्या बॅचचा. ५२ टक्के. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं त्या साली आपटली, म्हणून वीस गुण बंद करा असं मी म्हणणार नाही. पडत्या पोराला हात देणारे वीस गुण मला हवेत. पण ते कुणाला किती, हे ठरवतो कोण? धाकटी बहीण २०२० ला बसली. वही पूर्ण, कविता तोंडपाठ, तरी मराठीच्या तोंडीला वीसपैकी अकरा. तिच्याच बाकावरच्या संस्थाचालकाच्या पुतणीला वीस. तक्ता तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. मुकादमानं तोंड बघून हजेरी लावावी तसं हे तोंड बघून मार्क. शाळेचं नाव घेत नाही. तुमच्याही गावात ती आहेच.

म्हणजे फुगा फुगतो, पण सगळ्यांना सारखी हवा भरत नाहीत. आणि वर गर्दी झाली की दार आणखी वर सरकतं. नावाजलेल्या कॉलेजाची अकरावीची यादी चढत जाते. कंदिलात नाही तर मोबाइलच्या उजेडात अभ्यास करून ७८ आणलेलं पोरगं बाहेरच. पुढं डॉक्टरकीला दहावीचे शंभर कुणी विचारत नाही, तिथं नीट. नीटला लाखालाखाचे क्लास. औशाहून लातूर वीस किलोमीटर, एसटीनं सहज जाता येतं. फीच्या खिडकीपर्यंत.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. हार्वर्डनं २०२५ च्या ऑक्टोबरात स्वतःच अहवाल काढला: पोरांना दिलेल्या ग्रेडांत साठ टक्के 'अ', वीस वर्षांपूर्वी पाव हिस्सा होता. प्रिन्स्टननं २००४ ला 'अ' वर आवर घातला आणि २०१४ ला तो काढून टाकला. तिथं कुणी म्हणालं नाही की गुणवत्ता मेली. आपल्याकडं मात्र आरक्षणाचं नाव निघालं की हेच लोक गुणवत्तेची प्रेतयात्रा काढतात. खिरापतीसारखे शंभर वाटले जातात तेव्हा ही मंडळी कुठं सुतकात बसलेली असतात?

बाबासाहेब १९०७ साली एलफिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. साडेसदतीस टक्के. आजच्या अकरावीच्या कितव्या फेरीत त्यांचं नाव लागलं असतं, सांगा.

तेव्हा दोस्तहो, नुसती कविता पाठवू नका. तुमच्या वस्तीतल्या पोरांना लेखीला किती आणि शाळेच्या हातातल्या विसात किती, ते विचारून लिहून पाठवा. शाळा सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लागतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापू.

जय भीम.