नवं घ्या!

जुनं मशीन दाखवलं की दुकानदाराचा एकच मंत्र : "साहेब, नवं घ्या!" का म्हणून? विंडोज-७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, कबूल. पण भाचीच्या प्रबंधातली आकडेमोड काही त्या दिवशी संपली नाही! तिला हवं नवं पायथन; ते ३.९ पासून विंडोज-७ वर पाऊलच टाकत नाही. ३.८ चालतं, तर त्याचंही तेरावं २०२४ साली उरकलं. शिष्यवृत्तीत खोलीचं भाडं भागेना, नवं कुठून आणायचं? अहो, त्याच डबड्यावर फुकटातलं लिनक्स चढवलं, आणि तेच पायथन मुकाट्यानं धावलं. मग म्हातारं झालं होतं ते काय, लोखंड की दुकानदाराची नियत? तीन रात्री गेल्या म्हणा. त्याही भाचीच्या. मी चहा केला.