निंबोळी पायदळीं
निंबोळींतील कीडनाशक द्रव्य, आझाडिरॅक्टिन, इंग्लंडांत १९६८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. त्याच्या रेणूची घडण इतकी गुंतागुंतीची, कीं केंब्रिजचे प्रोफेसर स्टीव्हन ले यांच्या मंडळीस तें प्रयोगशाळेंत बनविण्यास २२ वर्षें लागलीं. २००७ सालीं तें साधलें. विद्या धन्य खरी, पण त्या मार्गानें माल काढणें परवडणारें नाहीं; बाटलींतील द्रव्य आजहि निंबोळींतूनच येतें. आणि आपण ती बांधावर कुजूं देऊन बाटली उधारीनें आणितों! कचेरींत असतां बांधावरचे कडुनिंब मीं पुष्कळ नोंदले. निंबोळी वेंचण्याचें मात्र मलाहि कधीं सुचलें नाहीं. ज्येष्ठ-आषाढांत ती वेंचून सावलींत वाळवावी. ५ किलो चूर्ण रात्रभर भिजवून गाळावें, १०० लिटर पाण्यांत मिसळून सायंकाळीं फवारावें. उन्हांत तें द्रव्य लौकर नासतें.