अधिसूचनेअभावी अडलेला हक्क

घटनेने हक्क दिले, न्यायालयांनी ते जपले आणि संसदेने त्यांना बळकटी दिली, असे नागरिकांच्या हक्कांविषयी नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. संसदेने मंजूर केलेले आणि राष्ट्रपतींची संमती मिळालेले घटनात्मक संरक्षण केवळ एका अधिसूचनेअभावी चार दशकांहून अधिक काळ कागदावरच राहिले आहे.

त्याचे मूळ आणीबाणीत आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ‘मिसा’खालील स्थानबद्धांना उच्च न्यायालयांचे दार बंद केले. न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलण्यात आली आणि त्यांनी राजीनामा दिला. हा अन्याय प्रथम दूर केला तो संसदेने. आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केली. न्यायालयाने आपला निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरविला तो थेट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात.

याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही लगाम घातला होता. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर येणार होती. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनुसार नेमले जावे आणि त्याचे अध्यक्ष विद्यमान न्यायाधीशच असावेत, असा दंडक होता. दुरुस्तीतील तरतुदी कधी अमलात आणायच्या, हे ठरविण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारकडे सोपविण्यात आला. १९७९ मध्ये बहुतेक तरतुदी लागू झाल्या; तिसरे कलम तेवढे राहिले. ज्या जनता सरकारचे अनेक मंत्री स्वतः तुरुंगवास भोगून आले होते, त्याच्याही हातून हे घडले नाही. पुढे काँग्रेस, जनता दल, संयुक्त आघाडी, भाजप अशा सर्व रंगांची सरकारे आली; अधिसूचना निघाली नाही.

धनबादचे खासदार ए. के. रॉय यांच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. संसदेने तारखेचा निर्णय सरकारवर सोपविला असल्याने न्यायालय तसा आदेश देऊ शकत नाही, असा बहुमताचा निर्णय डिसेंबर १९८१ मध्ये झाला.

राष्ट्रीय सुरक्षा कायद्यान्वये मंडळाने सात आठवड्यांत अहवाल द्यावयाचा असतो. तेव्हा फरक तो काय पडणार, असे कोणी म्हणेल. फरक मंडळाच्या स्वातंत्र्यात आहे. ज्या सरकारने स्थानबद्ध केले, तेच मंडळही नेमते आणि मंडळापुढे वकील देण्याचा हक्कही स्थानबद्धाला नाही. पोटापाण्यासाठी परप्रांतात आलेल्या, ना भाषा ना नातलग अशा माणसाचे सारे भवितव्य त्या तीन सदस्यांच्या निःपक्षपातावर अवलंबून असते.

देशाच्या सुरक्षेसाठी कठोर अधिकार लागतात, हे मान्य. पण अधिकार जितका कठोर, तितकी त्यावरील देखरेख स्वतंत्र हवी, हे संसदेने १९७८ मध्येच ठरविले होते. त्यासाठी आज नवी घटनादुरुस्ती नको, दोन तृतीयांश बहुमत नको. राजपत्रातील चार ओळी पुरेत. त्या का निघत नाहीत, हे विचारण्याचा अधिकार खासदारांना आहे आणि तो वापरण्यास कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.