आधी रिकामं पिस्तूल, मग छर्रा

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या पोरापोरींच्या हाती नुकतंच एअर पिस्तूल आलं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, त्यातलं एक सरबजोत सिंगच्या जोडीनं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं आणलं. आपल्या लेकरानंही नेमबाजी करावी, असं त्यानंतर कितीतरी घरांत वाटलं असेल. पण पुसद किंवा वणी यवतमाळपासून शंभर किलोमीटरच्या आसपास, उमरखेड त्याहून लांब. तिथलं पोर रोज शहरातल्या रेंजवर येणार कसं? आणि छर्र्यांचे डबे तरी किती आणायचे?

माझं म्हणणं असं, की यासाठी अडून बसू नका. पिस्तुलाचा सराव बराचसा छर्रा न घालता होतो, आणि तोच जास्त कामाचा असतो.

कारण समजून घ्या. दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. हात थरथरतो म्हणून नेम चुकतो, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पिस्तूल सरळ राहून हात एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही मिलिमीटरभरच सरकतो. पण ट्रिगर झटक्यानं ओढला आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एका मिलिमीटरनं कलली, तर दहा मीटरवर जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. दहाचा छर्रा सातच्या आसपास जातो. हात थोडा हलणारच, जगातल्या चांगल्या नेमबाजांचाही हलतो. तो हलू दे. सांभाळायच्या दोनच गोष्टी: डोळा पुढच्या साइटवर आणि बोट ट्रिगरवर.

म्हणून पहिला सराव कोऱ्या भिंतीसमोर. टार्गेट लावूच नका, कारण ते दिसलं की डोळा तिकडे पळतो. पिस्तूल उचला, पुढची साइट स्वच्छ दिसू द्या, टार्गेट असतं तर तेही धूसरच दिसायला हवं होतं. मग ट्रिगरवर हळूहळू दाब वाढवत न्या. ‘टक’ आवाज झाल्यावरही दोन सेकंद तसेच उभे राहा. त्या क्षणी साइट हलली का, हे तुमचं तुम्हालाच दिसतं. आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही, तर हात खाली घ्या आणि पुन्हा उचला. ओढूनताणून मारलेला शॉट वाईट सवय लावतो. हात खाली घेणं ही हार नव्हे, ते शिकावंच लागतं.

इथे एक सावधगिरी. मॅचच्या एअर पिस्तुलांत असा ड्राय सराव करायची वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या साध्या पिस्तुलात नसते. ते छर्र्याशिवाय उडवलं तर आतली सील आणि स्प्रिंग खराब होते. तुमच्याकडे तसलं असेल तर नुसतं होल्डिंग करा, ट्रिगर दाबू नका.

दुसरा सराव पायांचा. उभे राहा, डोळे मिटा, हात उचला, मग डोळे उघडा. साइट डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली दिसली, तर हात ओढून आणू नका. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा पाहा. पाय चुकीचे असले की खांदा प्रत्येक शॉटला भांडत राहतो आणि चाळिसाव्या शॉटनंतर थकतो. मॅच साठ शॉटची असते.

पुढे 25 मीटरमध्ये जायचं असेल, तर नुसतं उचलणंही घोटवा. 2018 च्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं, तेही थायलंडच्या खेळाडूशी दोनदा शूट-ऑफ होऊन. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात हात पंचेचाळीस अंशांवर खाली ठेवून थांबावं लागतं आणि एका शॉटला तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात नेम दुरुस्त करायला वेळ नसतो. उचललेला हात जागेवरच यावा लागतो, आणि ते घरी रिकाम्या पिस्तुलानं शिकता येतं.

छर्रे मारायचे त्या दिवशी टार्गेट उलटं लावा, पांढरी बाजू पुढे. पाच-पाच छर्रे मारा. ते मधोमध लागले का हे पाहू नका, जवळजवळ लागले का ते पाहा. ग्रुप जुळल्याशिवाय साइटचे स्क्रू फिरवू नका. शॉट सुटला की कागदाकडे बघण्याआधी तो कुठे गेला असेल, ते मनाशी सांगा आणि वहीत लिहा. अंदाज आणि भोक जुळायला लागले, की तुम्ही खरंच शिकताय.

आता आईबाबांसाठी. सरावाची भिंत विटांची पक्की हवी, तिच्यामागे दार नको. त्या खोलीत छर्र्यांचा डबा नको, लहान भावंडं नकोत. पिस्तूल रिकामं आहे, हे प्रत्येक वेळी उघडून पाहायचं, मग ते आत्ताच पाहिलेलं का असेना. सराव झाला की कुलपात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका. 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी पावती जपून ठेवा आणि नेताना बंद पेटीतच न्या. कमरेला लावून रील काढणाऱ्या पोराच्या हातून पिस्तूल काढून घ्या, त्यात दयामाया नको. आणि कुणी देशी कट्टा दाखवला, तर लेकरानं तिथून सरळ निघून यावं आणि घरी सांगावं, एवढा विश्वास त्याला द्या.

सराव रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा सकाळी लवकर करा. घामेजल्या हातानं पकड दर शॉटला बदलते. कोच हवाच, पण रोज नाही जमला तरी आठवड्याला बाजूनं काढलेला एक व्हिडिओ त्यांना पाठवता येतो. शालेय स्पर्धेसाठी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना सांगून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेवर चौकशी करा. जुनं पिस्तूल विकत घेत असाल, तर आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅचच्या बऱ्याच सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि चांगलं असलेलंही उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.