सणाचे ताट

भाद्रपदाच्या आरंभी कर्जतहून खालापूरकडे येताना दोन्ही अंगांस भातखाचरे पसरलेली दिसतात. हळवे भात निसवू लागलेले असते, गरवे मात्र अजून हिरवे उभे असते. वाटेवरच्या घरांतून नारळ खवल्याचा आवाज येतो, आणि उकड काढलेल्या तांदळाच्या पिठीचा वास ओल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतो. मुलांनो, असा वास आला असता ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही, असा मनुष्य आमच्या तालुक्यात मी तरी पाहिलेला नाही.

परंतु याच दिवसांत दोन तऱ्हेची माणसे आपल्या दृष्टीस पडतात. ‘सण काय रोज येतो?’ असे म्हणून काही जण पोटाला तड लागेपर्यंत जेवतात. दुसरे काही प्रकृतीच्या धास्तीने पानावर तोंड पाडून बसतात आणि इतरांच्या पानांकडे पाहत सुस्कारे टाकतात. या दोन्ही तऱ्हा माझ्याकडून घडलेल्या आहेत. म्हणूनच त्यांविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते.

मी अकरा वर्षांचा असताना आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असे. चतुर्थीच्या दुपारी पंगतीत चुलतभावाशी मी मोदकांची पैज लावली. वाढणाऱ्या मंडळींनाही चेव आला. ‘अरे, आणखी एक!’ असा आग्रह सुरू झाला, आणि मी अकरा मोदक संपवून पैज जिंकली. पाचव्या मोदकानंतर मला चव कळेनाशी झाली होती, हे मात्र मी कोणास सांगितले नाही. त्या रात्री पोटाने असा सूड घेतला, की दुसऱ्या दिवशीची आरती मला अंथरुणातूनच ऐकावी लागली. सायंकाळी गणपती विसर्जनासाठी निघाला. टाळांचा आवाज ओढ्याच्या दिशेने हळूहळू दूर जात होता आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होतो. वर्षभर वाट पाहिलेला सण अकरा मोदकांनी माझ्या हातून हिरावून नेला.

दुसरी तऱ्हा निवृत्तीनंतरची. रक्तात साखर वाढल्याचे निदान झाले, आणि मी ताबडतोब गोडाचा त्याग जाहीर केला. चतुर्थीच्या दिवशी सर्वांबरोबर पंगतीला बसलो. पण माझ्या पानात नुसती भाकरी आणि पालेभाजी. चेहरा असा, की जणू कोणी माझी इस्टेट जप्त केली आहे. माझी दहा वर्षांची नात शेजारीच बसली होती. तिने हातातला मोदक खाली ठेवला आणि म्हणाली, “आजोबा खात नाहीत, तर मलाही नको.” पत्नीचे डोळे भरून आले. पहाटेपासून तिने त्या मोदकांना नाजूक कळ्या पाडल्या होत्या. माझ्या त्यागाने माझे पथ्य सांभाळले असेल; पण घराचा सण त्याने खासच बुडवला.

पुढे डॉक्टरांना हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले, “गुरुजी, दिवसाला चहा किती घेता?” चार पेले, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर धरली, तर दिवसाला ४० ग्रॅम झाली. मुलांनो, हे गणित पुढे तुम्हीच करा. वर्षाला साडेचौदा किलोंहून अधिक! इतकी साखर चहातून निमूटपणे पोटात जात होती, आणि मी दोष देत होतो वर्षातून एकदा येणाऱ्या मोदकाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले, की अन्नात वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. ज्याला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, त्याच्या वाट्याला या हिशेबाने फार तर ५० ग्रॅम येतात. गोड थंड पेयाच्या ३०० मिलिलीटरच्या एका बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते.

म्हणून माझे मत असे, की दोष सणाचा नसून रोजच्या दिवसाचा आहे. माझ्या लहानपणी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे. शिरा व्हायचा तो पाहुणा आला तर. चकली दिवाळीत आणि पुरणपोळी होळीला. आता शाळेच्या दप्तरात बिस्किटांचा पुडा आणि बाजारात वाटेल तेव्हा तळलेले पदार्थ! कर्जत स्थानकावरील वडा मलाही आवडतो, हे कबूल करतो. घाट चढण्यासाठी आगगाड्यांना तेथे मागून जादा इंजिने जोडली जात आली आहेत. तेवढ्या थांब्यात प्रवाशांच्या हाती गरम वडा पडे. प्रवासातली ती मौज होती. तोच वडा रोज खाल्ला, तर त्यात मौज ती कसली?

आपल्या जुन्या ताटाकडे जरा लक्ष देऊन पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात-वरण. पक्वान्नाला त्यात जागा आहे, पण सारे ताट काही त्याचे नाही. भाजी, कोशिंबीर आणि वरण आधी पोटात गेले, की गोडातील साखर रक्तात सावकाश उतरते. शिवाय पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणाऱ्याला ती फार उशिरा मिळते. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न खावयाचे नाही, म्हणून अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस अशी परसातली मिसळभाजी शिजते. तिला तेल नाही की मसाल्याचा भडिमार नाही. पूर्वजांनी ही योजना पोटाला विसावा म्हणूनच केली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण विसावा मिळतो खरा. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मोदकात गूळ असतो, म्हणून तो कितीही खावा, असे पुष्कळ लोक समजतात. रक्तातील साखर वाढविण्याच्या कामी गूळ साखरेचा सख्खा भाऊच आहे.

आणि पौष-माघातली आपली पोपटी? वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा आणि उपडे घातलेले मडके. तेलाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही. तरी शेकोटीभोवती बसून त्या शेंगा सोलताना कोणाला काही उणे पडल्यासारखे वाटले आहे काय?

‘उणे पडणे’ म्हटले की मला एक चेहरा आठवतो. पावसाळ्यात ठाकूर आणि कातकरी बाया टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळे डोंगरातून खुडून आणतात आणि बाजाराच्या कडेला वाटे लावून बसतात. एकदा एका बाईशी मी वाट्यामागे पाच रुपयांची घासाघीस केली. तिच्या मांडीवरचे पोर हाताने कृश आणि पोटाने फुगीर होते. घरी येताना नात म्हणाली, “आजोबा, त्यांच्याकडे मोदक करतात का हो?” मला उत्तर देता आले नाही. आपल्या या दोन तालुक्यांतील आदिवासी वाड्यांतून कुपोषण अजून हटलेले नाही. जास्त खाऊ नका, हा माझा उपदेश त्या मुलाच्या काय कामाचा? त्याला पोटभर हवे आहे. भरल्या ताटावर बसून ‘मला खायला मिळत नाही’ म्हणून रुसलेला मी त्या दिवशी माझ्या स्वतःच्याच नजरेतून उतरलो. तेव्हापासून रानभाजी घेताना मी भाव करीत नाही.

आता आमच्या घरी चतुर्थीला माझ्या पानात दोन मोदक असतात. चहाची साखर केव्हाच सुटली आणि औषध चालू आहे. तेव्हा डॉक्टरांची हरकत नाही. एक दुपारी, भाजी-वरण झाल्यावर, कळ्या मोडून वर तुपाची धार धरून. दुसरा रात्रीच्या आरतीनंतर. दोन्ही इतके सावकाश खातो, की पत्नी म्हणते, “अहो, पुरे आता, पान उचलायचे आहे.” नात तीन खाते. चौथा तिने गेल्या वर्षी स्वतःहून परत पातेल्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यापर्यंतची वाट गणपतीच्या पुढे नाचत गेली.