हात कधी बसतो?

माझा भाचा एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम. एस. करतो, सर्जन होणार आहे. गणपतीत घरी आला तेव्हा त्याचे लॉगबुक मी चाळले. छत्तीस वर्षे बँकेत रजिस्टरे तपासली, ती सवय जात नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे नोंद होती: नुसती पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली की स्वतः केली. पहिल्या दोन रकान्यांत दाटी, शेवटच्या दोन्हींत शुकशुकाट. तो म्हणाला, "मामा, टेबलाभोवती आम्ही चौघे असतो, हात एकाचाच चालतो."

गेल्या दहा-बारा वर्षांत वैद्यकीय शिक्षणात मोठे फेरबदल झाले. २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १० हजारांच्या पुढे गेल्या. पदव्युत्तर जागा ३१ हजारांवरून ७० हजारांपलीकडे पोहोचल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, वाशीम, हिंगोलीही होती. तिथल्या मुलीला आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर होता यावे, यात वाईट ते काय?

पण जागा अधिसूचनेने वाढतात. जाणता प्राध्यापक आणि टेबलावरचा रुग्ण तसे वाढत नाहीत. त्यात शस्त्रक्रियाही बदलली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा ती देशातली नवलाई होती. आज ती नित्याची बाब आहे. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच. पण पोट उघडून तेच काम करण्याची संधी शिकाऊ डॉक्टरला क्वचित मिळते. आणि दुर्बिणीत अडचण आली की शेवटी पोट उघडावेच लागते!

२०२० च्या नियमांनी आणखी एक गोष्ट आणली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करायचे. भाचा कुरकुरतच गेला. तिथे निवृत्तीला आलेले एक सर्जन होते. ते टेबलापलीकडे उभे राहायचे आणि सुरी याच्या हाती द्यायचे. हर्निया, अपेंडिक्स याचा हात तिथे बसला. त्याच्या मित्राला दुसऱ्या जिल्ह्यात बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीशिवाय फारसे काही मिळाले नाही. नियम एकच, पण एकाला गुरू भेटला आणि दुसऱ्याला नाही.

मला माझे हेडकॅशियर आठवतात. नवा कारकून ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजू लागला की ते मागे उभे राहात. तो चुकला तर भुर्दंड त्याच्याच पगारातून जाई, म्हणून ते जागचे हलत नसत. पुढे शाखा वाढल्या, माणसे तेवढीच राहिली आणि मागे उभे राहणारा कुणी उरला नाही. रजिस्टरे मात्र टापटीप होती. तपासनीसाला तेवढे पुरते, हे मी स्वतः तपासनीस म्हणून सांगतो.

सरकारने जागांचा आकडा जरूर सांगावा. पण त्याच्या शेजारी दुसराही आकडा छापावा: त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सर्जनने किती शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने केल्या, आणि कुणाच्या देखरेखीखाली. प्रवेशापूर्वी पालकांनीही फीआधी हेच विचारावे.

आता घरचे. मलाच हर्निया निघाला आहे. सौ. म्हणते, खासगीत मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मी भाच्याला विचारले, तुझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलाच्या हाती पोट द्यावे का? त्याने थोडा विचार केला. "सर समोर उभे राहणार असतील तर खुशाल द्या, मामा. नसतील तर नको."

शिकणाऱ्याला आपण सगळ्यांनीच नकार दिला, तर पंधरा वर्षांनी नातवंडांचे ऑपरेशन कोण करणार? मी सरकारी रुग्णालयाची तारीख घेतली आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मात्र एकच प्रश्न विचारणार आहे: समोर कोण उभे राहणार?